बीव्हर, घडियाल आणि आपली कान्ह

माझ्या दवाखान्यातल्या काचेच्या कपाटात कार्बो व्हेज आणि कॉस्टिकम यांच्यामध्ये एक बाटली आहे. तिच्यावर नाव आहे कॅस्टोरियम. मोठ्या आजारातून उठलेल्या, पण पुरत्या न सावरलेल्या, थकलेल्या आणि चिडचिड्या झालेल्या स्त्रियांसाठी हे औषध आमच्या मटेरिया मेडिकात सांगितले आहे. युनानी हकीम याच वस्तूला जुंदबेदस्तर म्हणतात. चाळीस वर्षांच्या व्यवसायात ही बाटली मी चार-पाच वेळाच उघडली असेन. ती कशापासून बनते हे विद्यार्थिदशेत पाठ केले होते: बीव्हर नावाच्या प्राण्याच्या शेपटीखालच्या पिशव्यांतला स्राव. मी जन्माने जैन; तेव्हा मनाला थोडे टोचले, मग परीक्षा झाली आणि विसरलो.

अलीकडे या प्राण्याचे नाव वेगळ्याच संदर्भात वाचनात येऊ लागले. युरोपातल्या नद्यांवर तो पुन्हा आणून सोडत आहेत, आणि तो आला की कोरडे पडू लागलेले ओढे पाणी धरू लागतात, असे कळले. ज्या जिवाला बाटलीत भरण्यासाठी माणसाने नदीवरून उठवले, तोच त्या नदीचे औषध होता! म्हणून यंदा सभेने व्याख्यानासाठी विषय विचारला तेव्हा मी हाच सांगितला. आपण म्हणाल, डॉक्टर, आपली कान्ह राजवाड्याजवळून काळी होऊन वाहते आहे, आणि तुम्ही परदेशातल्या उंदराच्या भाऊबंदाची गोष्ट काय सांगता? वाचकहो, थोडा धीर धरा. ही गोष्ट फिरून कान्हवरच यायची आहे.

बीव्हर हा कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या कुळातला, म्हणजे उंदीर-खारीचा नातलग. पण वजन वीस किलोच्या आसपास. शेपटी वल्ह्यासारखी चपटी आणि पुढचे दात नारिंगी. दातांच्या कवचात लोह असते म्हणून तो रंग, आणि म्हणूनच झाड कुरतडून पाडण्याइतकी त्यांना ताकद. तो पूर्ण शाकाहारी आहे. वाळुंजासारख्या झाडांची साल, पाला आणि पाणवनस्पती एवढेच त्याचे अन्न. मासा तो खात नाही. काटक्या आणि चिखलाच्या ढिगात तो घर करतो आणि घराचे दार पाण्याखाली ठेवतो, म्हणजे लांडग्याला आत शिरता येत नाही. दार पाण्याखाली राहायचे तर पाणी खोल हवे. ओढा उथळ असला की तो झाडे पाडतो, फांद्या, दगड, चिखल रचतो आणि ओढ्याला आडवा बांध घालतो. बांध कुठे गळू लागला तर लगेच डागडुजी करतो. आपले बिऱ्हाड सुरक्षित राहावे एवढाच त्याचा हेतू असतो.

पण त्या स्वार्थातून काय घडते ते पाहा. पावसाचे पाणी धावत निघून जाण्याऐवजी बांधामागे थांबते, दोन्ही काठांवर पसरते आणि जमिनीत मुरते. गाळ खाली बसतो, आणि त्याच्याबरोबर शेतांतून वाहून आलेल्या खताचाही काही अंश बसतो. खालच्या गावाकडे जाणारा पुराचा लोंढा हळू होतो. उन्हाळ्यात मुरलेले पाणी थोडे थोडे ओढ्याला परत मिळत राहते. साचलेल्या पाण्यात बेडूक येतात, चतुर येतात, मासे वाढतात, मागोमाग पाणपक्षी येतात. एका कुटुंबाने स्वतःसाठी बांधलेल्या घरात शंभर जातींची बिऱ्हाडे राहायला यावीत, तसा हा प्रकार.

युरोपात माणसाने हा प्राणी त्याची मऊ कातडी, मांस आणि तो औषधी स्राव यांसाठी मारला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साऱ्या युरोप-आशियात मिळून साधारण बाराशे उरले होते, तेही आठ तुटक ठिकाणी. ब्रिटनमधून तो सुमारे चारशे वर्षांपूर्वीच नाहीसा झाला होता. परत आणण्याची सुरुवात स्वीडनने १९२२ साली केली. त्यासाठी प्राणी शेजारच्या नॉर्वेतून आणले. स्कॉटलंडने २००९ साली नॅपडेलच्या जंगलात नॉर्वेचेच बीव्हर सोडले. इंग्लंडमध्ये गंमत झाली. डेव्हनमधल्या ऑटर नदीवर कुठून कसे आले कुणास ठाऊक, पण बीव्हर राहू लागले होते. सरकार त्यांना पकडून न्यायला निघाले, तर गावकरी आडवे आले. शेवटी २०१५ पासून पाच वर्षे त्यांना तिथेच ठेवून एक्झिटर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मोजमाप केले, आणि २०२० साली सरकारने त्यांना कायमचे राहू दिले.

चेक देशातली हकीकत तर आपल्याकडच्या कोणत्याही कचेरीत शोभावी अशी आहे. तिथल्या ब्रदी नावाच्या टापूत, जिथे पूर्वी लष्कराचा तळ होता, पाणथळ जागा वाचवण्यासाठी ओढ्यावर बांध घालायची योजना २०१८ साली आखली होती. जमीन कोणाची, परवानगी कोणाची, यात फाइल सात वर्षे फिरत राहिली. २०२५ च्या आरंभी अधिकारी पाहणीला गेले, तर बांध तयार! आठ बीव्हरांच्या एका वसाहतीने योग्य त्याच जागी ते घातले होते. सरकारचे सुमारे तीन कोटी चेक क्राउन वाचले, असे हिशोबात निघाले.

याचा अर्थ तो प्राणी सगळीकडे सुखच आणतो असा नाही. बांधामागचे पाणी कधी शेतात शिरते, कधी फळझाड आडवे होते. त्यामुळे जिथे तो परत आला तिथे पाणी उतरवण्यासाठी बांधातून नळ घालणे, झाडांच्या बुंध्यांना जाळी बांधणे, शेतकऱ्याशी बसून बोलणे, हे सारे करावे लागते. प्राणी सोडणे हा एका दिवसाचा समारंभ असतो. त्याच्यासह राहणे हे पिढ्यांचे काम असते.

आता आपल्या मनातला प्रश्न. मग चार बीव्हर आणून कान्हमध्ये सोडावेत का? याचे उत्तर मला एका पुस्तकातही मिळाले असते, पण ते आधी आजीने दिले होते.

आमच्या जुन्या घराच्या अंगणात विहीर होती. आजी पाणी शेंदायची आणि जाड कापडाची दुहेरी घडी करून त्यातून गाळायची. आपल्या ओळखीच्या जैन घरांत हे आपण पाहिले असेल. पण गाळल्यानंतर ती काय करायची, हे बहुधा पाहिले नसेल. कापडावर जे सूक्ष्म जीव अडकले असतील त्यांच्यावर गाळलेलेच पाणी ओतून ती कापड उलटे धुवायची आणि ते धुवण परत विहिरीत पोचवायची. याला आमच्यात जिवाणी म्हणतात. त्याचे दोन नियम होते. पहिला, ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत जिवाणी. शेजाऱ्यांकडून कळशीभर पाणी आणले असेल तर त्याची जिवाणी शेजाऱ्यांच्या विहिरीत; एका पाण्याचे जीव दुसऱ्या पाण्यात घातले तर ते तरी मरतात किंवा तिथल्यांना तरी मारतात, असे ती सांगे. दुसरा नियम, वरून ओतायचे नाही. त्यासाठी बुडाला कडी असलेली एक छोटी कळशी होती. ती दोराने पाण्याला टेकेपर्यंत सोडायची आणि मग अलगद कलती करायची.

लहानपणी मला हे सोवळ्याच्या पंथातले वाटे. आज प्राणी मूळ स्थानी परत सोडण्याचे शास्त्र वाचताना तेच दोन नियम जाडजूड ग्रंथांत सापडतात.

पहिला नियम मोडला तर काय होते, त्याची साक्ष बीव्हरच देतो. १९४६ साली अर्जेंटिनाने कातडीचा धंदा उभा करण्यासाठी कॅनडातून वीस बीव्हर आणले आणि दक्षिण टोकाच्या तिएर्रा देल फुएगो बेटावर सोडले. धंदा काही उभा राहिला नाही. तिथे त्यांना खाणारा प्राणी नव्हता, आणि तिथली झाडे तोडल्यावर किंवा मुळाशी पाणी साचल्यावर पुन्हा फुटणारी नव्हती. वीसांचे हजारो झाले, नद्यांकाठची जंगलेच्या जंगले उभी वाळली, आणि २००८ साली अर्जेंटिना व चिली यांना ते प्राणी समूळ काढून टाकण्याचा करार करावा लागला. फिनलंडमध्ये १९३७ साली अमेरिकेतून बीव्हर आणले. अमेरिकेतला आणि युरोपातला हे वेगळ्या जातींचे आहेत हे तेव्हा ध्यानात आले नव्हते. आज तिथल्या बऱ्याच भागात पाहुणाच घरधनी होऊन बसला आहे. आपल्याला इतक्या दूर जायलाही नको. जलपर्णी ही शोभेची म्हणून आणलेली परदेशी वनस्पती आपल्या तळ्यांचे काय करते, ते आपण दर वर्षी पाहतो. तेव्हा बीव्हर त्याच्या विहिरीत, आपले जीव आपल्या विहिरीत.

मग आपल्या विहिरीतला जीव कोणता? त्यासाठी कान्हचे पाणी जाते कुठे ते पाहू या. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी कान्ह आणि सरस्वती मिळतात. तिथून निघालेली कान्ह उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेत शिरते. क्षिप्रा पुढे चंबळेला मिळते. ही चंबळ, म्हणजे महाभारतातली चर्मण्वती, आपल्या महूजवळच्या जानापावच्या डोंगरात उगम पावते. आपल्यापैकी अनेकांनी श्रावणात तिथली सहल केलेली असेल. तीच चंबळ गांधीसागर, कोटा असे बांध ओलांडून मुरैना, धौलपूरच्या बेहडांत जाते, इटाव्याच्या पुढे यमुनेला मिळते, आणि तिच्या त्या शेवटच्या चारशेहून अधिक किलोमीटरांत जगातले बहुतेक घडियाल राहतात.

मराठीत आपण मगर आणि सुसर एका दमात म्हणतो, पण घडियाल म्हणजे ती लांब, अरुंद जबड्याची, मासे खाणारी सुसर. वयात आलेल्या नराच्या नाकाच्या टोकाला घड्यासारखा गोळा येतो, त्यावरून हे नाव. माणसावर ती हल्ला करत नाही. तिचा जबडा माशासाठीच घडलेला. १९७० च्या दशकाच्या आरंभी जगात प्रौढ घडियाल दोनशेच्या आत उरले होते. कातडीसाठी शिकार, अंडी पळवणे, कोळ्यांची जाळी आणि धरणे ही कारणे. १९७५ साली भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने मगर प्रकल्प सुरू केला. ओडिशातल्या टिकरपाडा आणि लखनऊजवळच्या कुकरैल इथे अंडी उबवणे सुरू झाले. १९७८-७९ च्या सुमारास मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तिन्ही राज्यांनी मिळून राष्ट्रीय चंबळ अभयारण्य केले, आणि मुरैनाजवळ देवरी इथे घडियालांचे संगोपन केंद्र उभे राहिले.

आजीचा दुसरा नियम, वरून ओतायचे नाही, तो इथे दिसतो. घडियाल मादी मार्च-एप्रिलमध्ये काठच्या वाळूत खड्डा करून अंडी घालते. पिल्ले बाहेर येतात ती जून तोंडावर आल्यावर. आणि पहिल्याच पुरात बहुतेक वाहून जातात. म्हणून दर वर्षी काही घरट्यांतली अंडी देवरीला आणतात, तिथल्या वाळूत उबवतात, पिल्लांना तीन-चार वर्षे मासे घालून वाढवतात, आणि ती सुमारे सव्वा मीटर लांब झाली की हिवाळ्यात चंबळेत सोडतात. ज्या नदीची अंडी, त्याच नदीत. आज चंबळेत दोन हजारांच्या वर घडियाल आहेत. नदीत जन्मलेल्या पिल्लांची राखण नर करतो. तो पाण्यात पसरलेला असतो आणि पिल्लांचा थवाच्या थवा त्याच्या पाठीवर बसलेला असतो. सुसरबाई तुझी पाठ मऊ, हे आपण खोट्या स्तुतीसाठी म्हणतो. त्या पिल्लांना मात्र ते खरेच वाटत असेल.

बीव्हर आणि घडियाल यांच्यात एक मोठा फरक आहे, तो नीट ध्यानात घ्यावा. बीव्हर नदीची दुरुस्ती करतो. घडियाल काही बांधत नाही. त्याला खोल, वाहते, स्वच्छ पाणी आणि अंड्यांसाठी मोकळी वाळू तयार मिळावी लागते. ती असेल तर तो जगतो, नसेल तर मरतो. आमच्या भाषेत सांगायचे तर बीव्हर हा वैद्य आहे आणि घडियाल ही नाडी.

ती नाडी एकदा फार वाईट बोलली. डिसेंबर २००७ मध्ये चंबळेच्या अगदी खालच्या भागात, यमुनेच्या संगमाकडे, मेलेले घडियाल काठाला लागू लागले. त्या हिवाळ्यात शंभराहून अधिक मेले. शवविच्छेदनात दिसले ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. मूत्रपिंडे निकामी झालेली, सांध्यांत आणि आतल्या अवयवांवर युरिक अ‍ॅसिडचे पांढरे थर. हा गाऊट! सुजलेला अंगठा घेऊन माझ्या बाकावर बसणाऱ्यांचा आजार. मूत्रपिंडांनी हात टेकले की रक्तातले युरिक अ‍ॅसिड बाहेर पडत नाही आणि साचत जाते. तज्ज्ञांचा संशय गेला तो यमुनेतून आलेल्या विषारी द्रव्यांवर, जी माशांच्या पोटातून घडियालाच्या पोटात गेली असावीत; थंडीच्या कडाक्याने त्यात भर घातली. ध्यानात घ्या, अभयारण्य होते, पहारा होता, शिकार थांबली होती. आजार आला तो शेजारच्या नदीच्या पाण्यातून.

आजीने तिसरा नियम कधी सांगितला नाही, कारण तो सांगावा लागेल असे तिला वाटलेच नसणार: जिवाणी परत सोडायला विहीर जिवंत असली पाहिजे.

इथे आपण इंदूरला परत येतो. कान्हचे पाणी थेट घडियालांपाशी पोचते असे मी म्हणणार नाही. मध्ये मोठमोठी धरणे आहेत, शेकडो किलोमीटर आहेत. पण चंबळेच्या मुळाशी आपण बसलो आहोत हे खरे. झाडाच्या शेंड्याला पक्षी परत आले म्हणून आनंद मानायचा आणि मुळाला मोरीचे पाणी घालायचे, हे शहाणपणाचे नाही.

आणि कान्हची चिंता काही आजची नाही. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या बोलावण्यावरून पॅट्रिक गेडिस इंदूरला आले. नगररचनाकार म्हणून त्यांचे नाव झाले, पण मूळचे ते जीवशास्त्रज्ञ, आणि तेही स्कॉटलंडचे. शहरात प्लेग होता. त्यांनी दिवाळीला मिरवणूक काढली आणि तीत प्लेगचा भला मोठा उंदीर करून शेवटी जाळला. आपल्या आजोबा-पणजोबांनी ती पाहिली असेल. १९१८ साली त्यांनी दरबाराला जो अहवाल दिला, त्यात शहराच्या नद्या स्वच्छ राखून त्यांच्या काठी बागा आणि मोकळी जागा ठेवावी असे आग्रहाने मांडले होते. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. मधल्या काळात आपण नद्यांना नाले म्हणायला शिकलो.

अलीकडे काही चांगले झाले, तेही सांगितले पाहिजे. शहरातल्या हजारो घरांचे सांडपाणी नाल्यांत न सोडता शुद्धीकरणाकडे वळवले गेले, आणि २०२१ साली इंदूरला देशातले पहिले वॉटर प्लस शहर असा मान मिळाला. तरी कान्ह अजून निरोगी नाही. सिंहस्थात क्षिप्रेच्या घाटांवर तिचे पाणी येऊ नये म्हणून २०१६ च्या पर्वणीआधी ते नळातून घाटांच्या पलीकडे नेऊन सोडण्याची व्यवस्था केली, आणि २०२८ साठी तसेच आणखी मोठे काम हाती घेतले आहे. स्नानाची सोय होईल, भाविकांना दिलासा मिळेल. पण अंगावरचे पुरळ मलम लावून दाबले आणि रोगी बरा झाला असे म्हटले, तर आमच्या शिक्षकांनी आम्हाला वर्गाबाहेर काढले असते. घाट वाचला, तरी ते पाणी पुढे त्याच क्षिप्रेत आणि त्याच चंबळेत जाते.

मग करायचे काय? आपल्याकडे बीव्हर नाही. त्याचे काम आपल्यालाच करायला हवे. आणि माळव्यात ते पूर्वापार माणसेच करत आली. सिरपूर, बिलावली, पिपल्यापाळा, गंभीर नदीवरचा यशवंतसागर, ही होळकरांच्या राज्यात बांधलेली तळी म्हणजे आपल्या बीव्हरांची कामेच. पावसाचे पाणी अडवायचे, मुरवायचे, हळूहळू सोडायचे. पावलापावलावर पाणी अशी ज्या माळव्याची ख्याती, त्याने पुढे कूपनलिका खणून खणून तळ गाठला. १९९० साली शेजारच्या देवासला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले होते. त्याच देवास जिल्ह्यात २००६ पासून तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी मोठ्या शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा थोडा भाग तळ्याला द्यायला तयार केले. नर्मदेच्या नावावरून त्या तळ्यांना रेवासागर म्हणू लागले. एकाचे पाहून दुसऱ्याने, अशी हजारो शेततळी झाली. विहिरींना पाणी आले आणि न बोलावता पक्षीही आले. झाबुआकडच्या भिल्लांत हलमा नावाची रीत आहे: एखाद्याचे काम एकट्याला झेपत नसेल तर सारे जण मोबदला न घेता येऊन ते उरकून देतात. या रीतीने हजारो माणसे हाथीपावाच्या टेकडीवर येतात, पाणी मुरावे म्हणून उतारावर चर खणतात आणि घरी जातात. बीव्हरांच्या वसाहतीचे वर्णन मी याहून निराळे काय करणार?

आपल्या शहरातही हे घडले आहे. सिरपूरचे तळे अतिक्रमण आणि घाणीने संपत आले होते. चित्रकार आणि छायाचित्रकार भालू मोंढे, पत्रकार अभिलाष खांडेकर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे त्यासाठी झटत राहिले. मोंढे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. २०२२ साली सिरपूर आणि सारसांचे घर असलेला यशवंतसागर ही दोन्ही रामसर यादीत आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये उदयपूरबरोबर इंदूरला पाणथळ जागा जपणारे शहर म्हणून जागतिक मान्यता मिळाली. भारतात ही पहिली दोन. सिरपूरला कोणी पक्षी आणून सोडले नाहीत. पाणी राखले, पक्षी आपले आपण आले. परत आणण्याची ही सगळ्यांत सोपी रीत आहे, आणि तीत चूक व्हायची भीतीही सगळ्यांत कमी.

आता एक कबुली देतो आणि थांबतो. आजीच्या त्या विहिरीचे काय झाले, हे मी मुद्दाम सांगितले नव्हते. ती मी बुजवली. १९९४ साली जुने घर पाडून खाली दवाखाना आणि वर घर बांधले तेव्हा गाडी लावायला जागा हवी होती. नर्मदेचे पाणी नळाला येऊन दीड दशक झाले होते, विहिरीत पालापाचोळा पडत होता, डास होत होते. दोन ट्रक मुरूम आणला, वर फरशी केली. आई काही बोलली नाही. त्या कडीच्या कळशीत तिने नंतर तुळस लावली. तेव्हापासून माझ्या छपरावरचा आणि अंगणातला सारा पाऊस फरशीवरून गटारात आणि गटारातून कान्हमध्ये धावतो, आणि मी मात्र घाण दुसऱ्यांची समजून छत्र्यांच्या पुलावरून नाक दाबून जातो.

विहीर पुन्हा उपसता येईल का, हे मागच्या वर्षी गवंड्याला दाखवले. तिच्या काठावर घराचा एक खांब उभा आहे, त्यामुळे ते आता होणे नाही. म्हणून शेजारी दहा फूट खोल खड्डा घेऊन त्यात गोटे, वाळू भरली आणि छपराचे पाणी त्यात सोडले. एका पावसाळ्यात त्याने काय मोठे झाले असेल? पण भाद्रपदात एका रात्री त्याच्या कडेला बेडूक ओरडत होता. तीस वर्षांत अंगणात तो आवाज मी ऐकला नव्हता.

जुनी इंदूर, मल्हारगंज, रामबाग, नारायणबाग या भागांतल्या आपल्या कितीतरी वाड्यांत अजून विहिरी आहेत. काहींवर जाळी आहे, काहींवर फरशी, काहींत तीन पिढ्यांचे निर्माल्य आहे. घडियाल वाचवायला मुरैनाला जाणे सगळ्यांना जमणार नाही. हिवाळ्यात सिरपूरला एक सकाळ काढणे जमेल. आणि आपल्या वाड्यात विहीर असेल, तर या पावसाळ्याआधी तिच्यावरचे झाकण एकदा उचलून आत पाहावे, एवढी माझी विनंती.